कपबशी उलटी करून बघा: घरातल्या जुन्या चिनीमातीचं गाव कसं शोधायचं

आमची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा माळा रिकामा करताना एका पत्र्याच्या ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच बश्या आणि चार कप निघाले. सगळ्यांचं म्हणणं एकच, भाड्याच्या घरात जागा नाहीये, देऊन टाका कोणाला तरी. मी एक कप सहज उलटा केला तर बुडाखाली लाल बारीक इंग्रजी अक्षरं, मेड इन जपान. ठाण्यात जपानचा कप, तोही आजेसासूबाईंच्या ट्रंकेत, कसा आला असेल? त्या एका प्रश्नामागे लागून मी पुढचे चार महिने जे काय शिकले ते इथे लिहितेय, कारण ठाण्यात, कळव्यात, वाशीत आत्ता जिकडेतिकडे सामान बांधणं चाललंय आणि अशी भांडी रोज भंगारात जातायत, मला ते बघवत नाही. किंमत किती येईल हे मी सांगणार नाहीये. भांडं कुठल्या गावचं, ते गाव या धंद्यात कसं पडलं आणि तिथून आपल्या घरी कसं आलं, एवढं तुम्ही घरबसल्या बऱ्यापैकी शोधू शकता.

आधी धुवून घ्या, पण हलक्या हाताने. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ स्पंज, बस. मी पहिली बशी हिरव्या घासणीने घासली आणि तिची सोनेरी रेघ, जी आधीच पातळ झाली होती, ती अर्धी माझ्या डोळ्यासमोर गेली. सोनं आणि बरेचसे रंग झिलईच्या (भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थराच्या) वर बसवलेले असतात, म्हणजे भांडं भाजून झाल्यावर वरून रंगवून पुन्हा कमी आचेवर भाजतात, त्यामुळे ते घासलं की निघतं. ब्लीच नको, गरम पाण्यात उकळणं नको, मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको.

मग दिवसाउजेडी खिडकीपाशी बसा आणि आधी ठरवा की हातात आहे ते नेमकं काय. आपण सगळ्यालाच चिनीमाती म्हणतो, लोणच्याची बरणीपण चिनीमाती, कपबशीपण चिनीमाती, बेसिनपण चिनीमाती. पण दादरा बांधून ठेवायची ती पिवळट-तपकिरी दोन रंगाची बरणी पोर्सिलेन (कपबशीची पांढरी, काचेसारखी घट्ट चिनीमाती) नव्हे, तिला स्टोनवेअर म्हणतात, ती दणकट असते, पाणी धरते, पण तिच्यातून उजेड आरपार जात नाही. कप घ्या, आतून मोबाइलचा टॉर्च लावा आणि बाहेरून बोट फिरवा, बोटाची सावली दिसली तर पोर्सिलेन किंवा बोन चायना. उजेड थंड, किंचित निळसर-राखाडी वाटला तर बहुतेक पोर्सिलेन आणि उबदार सायीसारखा वाटला तर बोन चायना, ज्यात खरोखरच जनावरांच्या हाडांची राख असते, चांगल्या मालात निम्म्यापर्यंत. अगदी जाड भांडं असेल तर पोर्सिलेन असूनही उजेड येत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

दुसरी परीक्षा बुडाची. कप उलटा केला की खाली एक गोल कड असते ज्यावर तो उभा राहतो, त्या कडेवर झिलई नसते, कारण झिलई भट्टीत वितळते आणि तिथे असती तर भांडं फळीला चिकटून बसलं असतं. म्हणजे आतली खरी माती फक्त तिथेच उघडी दिसते. त्या कडेवर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि बघत बसा. थेंब शोषला गेला तर साधी भाजलेली माती, आपल्या कुंडीच्या जातीची, वरून पांढरी झिलई दिलेली. थेंब तसाच टपोरा राहिला तर माती आत काचेसारखी घट्ट झालेली आहे. पोर्सिलेनला साधारण १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात, त्यात मातीतला काही भाग वितळून सगळी भोकं बुजवून टाकतो. मग नखाने हलकेच टिचकी मारा, चांगलं भांडं घंटीसारखं वाजतं आणि तडा गेलेलं बद्द आवाज देतं. चहाची तपकिरी रेघ दिसणारा कप असेल तर टिचकी मारू नका, तो आधीच तडकलेला आहे.

आता अक्षरं. भिंग नसेल तर मोबाइलने झूम करून फोटो काढा, आणि अक्षरं पुसट असतील तर बशी उजेडाला तिरकी धरा, समोरून न दिसलेलं तिरकं धरल्यावर दिसतं. माझ्या पाच बश्यांपैकी चारांवर नुसतं मेड इन जपान होतं आणि पाचवीवर तिरकं धरल्यावर वर एक पानासारखं चित्र आणि नागोया असं दिसलं. इंग्रजी नावांवरून वर्ष काढायची एक सोपी किल्ली आहे. अमेरिकेने १८९१ पासून परदेशी मालावर देशाचं नाव इंग्रजीत छापायची सक्ती केली, त्यामुळे बरेचसे कारखाने बाकीच्या मालावरही छापायला लागले. जपानी मालावर आधी निप्पॉन यायचं आणि १९२१ पासून साधारणपणे जपान. ऑक्युपाइड जपान असं असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिकी ताब्याची वर्षं, म्हणजे १९५२ च्या आतलं. चेकोस्लोव्हाकिया म्हणजे १९१८ नंतरचं, वेस्ट जर्मनी म्हणजे १९४९ ते १९९० मधलं. इंग्लंडच्या भांड्यावर पतंगासारखा चौकोनी शिक्का असेल तर तो १८४२ ते १८८३ चा नोंदणीचा शिक्का, त्यानंतर १८८४ पासून आर डी आणि नंबर. फक्त शिक्क्यावर विसंबून राहू नका, एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारींची, जर्मनीतल्या मायसेन कारखान्याची खूण तर इतक्या जणांनी नक्कल केलीय की तलवारी दिसल्या म्हणून नाचायचं कारण नाही.

शिक्का नसेल तर भट्टीच्या खुणा बघा, मला तर हेच जास्त आवडतं. मोठी बशी उलटी केल्यावर बुडाच्या गोल कडेच्या आत तीन-चार बारीक ठिपके, जणू कोणी सुईने टोचलंय असे, दिसतात का? जपानच्या आरिता गावच्या जुन्या बश्यांना असे ठिपके असतात, कारण तिथली माती भट्टीत मधोमध खाली बसायची म्हणून बशीखाली मातीचे छोटे सुळके टेकू म्हणून ठेवायचे, भाजून झाल्यावर ते काढून टाकले की ठिपका राहतो. चिनी बश्यांना सहसा असं नसतं. कडेला वाळूचे कण चिकटलेत का तेही बघा, ती भट्टीच्या फळीवर पसरलेली वाळू.

हे झालं भांड्याशी बोलणं. आता माणसांशी बोला आणि हे काम आधी करा म्हटलं तरी चालेल, कारण कप थांबेल, माणसं थांबत नाहीत. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, नेरूळला असतात, जन्म १९३४ चा. मी एक कप घेऊन गेले आणि पहिलाच प्रश्न चुकीचा विचारला.

"आत्या, हे कप किती जुने असतील हो?"

"काय माहीत बाई, घरातलेच आहेत ते."

असंच उत्तर मिळतं. किती जुना, केवढ्याला घेतला असं विचारलं की वयस्कर माणसाला परीक्षा घेतल्यासारखं वाटतं. मग मी विचारलं, हे कप बाहेर कधी काढायचात, कोणासाठी काढायचात, आणि त्या जी बोलायला लागल्या ते तासभर. कोट घातलेला पाहुणा आला की काढायचे, मुलांना हात लावायची सोय नव्हती, आईच धुवायची आणि आईच पुसायची. आणि मग म्हणाल्या, "आबा गोदीत होते ना, पेटी फुटली की त्यातला धड माल स्वस्तात मिळायचा. पेंढ्यात गुंडाळून आणले होते. मी शाळेतपण जात नव्हते तेव्हा. भाताचाच पेंढा, आपल्यासारखा. आई म्हणायची, तिकडेपण भातच खातात वाटतं."

त्या एका वाक्यात मला सगळं मिळालं. गोदी, म्हणजे माल बोटीने थेट मुंबईत उतरलेला. पेंढा भाताचा, जपानमध्ये भांडी तशीच बांधायचे. शाळेच्या आधी म्हणजे १९४० च्या आत, आणि १९४१ च्या डिसेंबरमध्ये जपान युद्धात उतरल्यावर तिकडचा माल यायचा प्रश्नच नव्हता. शिक्का जपान म्हणतोय म्हणजे १९२१ नंतर. अशी दोन्ही बाजूंनी भिंत घालत यायचं, एका बाजूने शिक्का, एका बाजूने आठवण. तुम्ही विचारताना कोणी आणलं, कशात गुंडाळून आणलं, कुठे ठेवायचे, कोणाला त्यातून चहा द्यायचे नाही, असं विचारा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, त्यांना सांगून.

गाव कळलं की खरी मजा सुरू होते. कुठल्याही पोर्सिलेनच्या गावाला मी चार प्रश्न विचारते: माती कुठली, जळण कुठलं, माल बाहेर कुठल्या वाटेने जायचा, आणि कसब कोण घेऊन आलं. यातलं एक नसलं की धंदा उभा राहत नाही, किंवा राहिला तरी त्याची एक वेगळी गोष्ट असते. चीनच्या जिंगदेझेनजवळ गाओलिंग नावाची टेकडी होती, तिथल्या पांढऱ्या मातीवरूनच केओलिन, म्हणजे पोर्सिलेनची पांढरी माती, हा शब्द जगभर गेला. युरोपात जर्मनीतल्या सॅक्सनीच्या शासकाने सोनं बनवून देतो म्हणणाऱ्या बटगर नावाच्या किमयागाराला कोंडून ठेवलं होतं, त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या प्रयोगांतून सोन्याऐवजी पोर्सिलेन निघालं आणि १७१० मध्ये मायसेनला किल्ल्यात कारखाना सुरू झाला. फ्रान्सच्या लिमोजचं नशीब १७६८ मध्ये शेजारच्या सेंट-इरिये गावी केओलिन सापडल्यावर उघडलं, असं सांगतात की तिथल्या एका डॉक्टरची बायको ती माती कपडे धुवायला वापरायची.

पण माझा कप जपानचा, त्यामुळे मी तिकडेच रमले. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५९२ ते १५९८ मध्ये कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या आणि परतताना सरदारांनी तिथले कुंभार पकडून आणले. त्यांतला री सामपेई, त्याने आरिता गावाजवळ इझुमियामा डोंगरात पांढरा दगड शोधला असं मानतात, साल १६१६ धरतात. तो दगडच असा की कुटायचा, पाण्यात निवळायचा आणि त्या एकट्याच्या लगद्यातून पोर्सिलेन होतं, दुसरं काही मिसळायला लागत नाही. भट्ट्या इतक्या वाढल्या की रानं संपायला लागली आणि १६३७ मध्ये तिथल्या सरदाराने ८०० हून जास्त कुंभारांना धंद्यातून हाकललं, हा जळणाचा प्रश्न. मग चीनमध्ये मिंग घराणं पडल्यावर जिंगदेझेनचा माल थांबला, डच ईस्ट इंडिया कंपनी दुसरीकडे माल शोधायला लागली आणि १६५९ मध्ये आरिताला हजारो नगांची मोठी ऑर्डर आली. माल इमारी बंदरातून चढायचा म्हणून त्याचं नाव इमारीच पडलं, गाव राहिलं बाजूला.

आणि हे सगळं गुपित होतं. आरिताच्या लोकांना बाहेर जाऊन शिकवायची मुभा नव्हती. आता नागोयाजवळचं सेतो गाव बघा, शेकडो वर्षं मातीकाम करणारं, पण पोर्सिलेन येत नव्हतं, आरिताच्या पांढऱ्या मालापुढे त्यांच्या भांड्यांना गिऱ्हाईक राहिना. तिथे काटो तामिकिची नावाचा एक कुंभाराचा धाकटा मुलगा होता, आणि सेतोत नियम असा की घरातल्या एकाच मुलाने भट्टी चालवायची, म्हणजे याला चाकावर बसायची सोयच नाही. तो १८०४ मध्ये क्यूशू बेटावर, जिथे आरिता आहे, तिकडे गेला, तिकडच्या भट्ट्यांवर राबला, शिकला आणि १८०७ मध्ये सेतोला परत आला. नुसती माती माहीत असून उपयोग नसतो, भट्टी कशी रचायची, झिलई कशी कालवायची, आच कधी वाढवायची हे हाताने शिकलेलंच माणूस लागतं. सेतोच्या मातीत गारेचे कण असतात, ओली झाली की ते चमकतात म्हणून जपानीत तिला बेडकाच्या डोळ्यांची माती म्हणतात, केवढं नेमकं नाव आहे बघा. आज तामिकिचीचं सेतोत देऊळ आहे, सप्टेंबरमध्ये भांड्यांची मोठी जत्रा भरते आणि लोक म्हणतात जत्रेत पाऊस येणारच, कारण तो क्यूशूत बायको सोडून आला होता आणि ते तिचे अश्रू. आपल्याकडे गणपतीत पाऊस येतो त्याच सुमाराला. हे वाचल्यावर मी तो कप परत हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

जपानीत तर साध्या कपबश्यांनाच सेतोमोनो म्हणतात, सेतोच्या वस्तू, जसं आपण चीनचं नाव घेऊन चिनीमाती म्हणतो. आणि नागोया? तिथे मुख्यतः रंगकाम चालायचं, सेतो आणि शेजारच्या मिनो भागातून कोरी पांढरी भांडी यायची, नागोयात त्यावर फुलं, सोनं चढवून माल परदेशी जायचा. नोरिताके ही पोर्सिलेनची नावाजलेली कंपनी ज्या कंपनीतून पुढे आली ती १९०४ मध्ये तिथेच सुरू झाली. मुंबई ते कोबे अशी जपानी बोट १८९३ पासूनच चालू होती, इकडून कापसाच्या गाठी जायच्या. म्हणजे वाट आधीपासून तयार होती, आबांच्या गोदीपर्यंत.

मला कोणीतरी विचारलं, मग आपल्या ठाण्यात का नाही झाला असा धंदा, खाडी होती, बंदर होतं. चार प्रश्न लावून बघा, उत्तर पहिल्यातच आहे. पारसिकचा डोंगर घ्या किंवा येऊर, सगळा काळा पाषाण, बसाल्ट. तो झिजला की लोहाने भरलेली लाल-काळी माती होते, तिच्या विटा होतात, कौलं होतात, माठ होतात, पण १३०० अंशाच्या भट्टीत ती फुगते आणि वितळून बसते. केओलिन मुख्यतः ग्रॅनाइटसारख्या खडकातलं फेल्डस्पार नावाचं खनिज कुजून तयार होतं, ते आपल्याला खाली सिंधुदुर्गात मिळतं कारण तिकडचे खडक वेगळे. गणपतीचा शाडू पांढरट दिसतो म्हणून त्याला चिनीमाती समजू नका. आणि नियम मोडणारं गावही आहे, उत्तर प्रदेशातलं खुर्जा. तिथे कच्चा माल बराचसा बाहेरून येतो, पण पिढीजात कुंभार होते, दुसऱ्या महायुद्धात परदेशी भांडी यायची बंद झाल्यावर सरकारने तिथे कारखाना काढला, तो पुढे बंद झाला पण कसब गावात राहिलं. तुमचे मग आणि बरण्या नव्या असतील तर खुर्जा किंवा सौराष्ट्रातलं थान-मोरबी हे आधी डोक्यात आणा.

एवढं झालं की एकदा खरी जुनी भांडी डोळ्यांनी बघून या, फोटोवरून जाडी आणि पांढरेपणा कळत नाही. सीएसएमटीला उतरून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठा, तिथे टाटांच्या संग्रहातली चिनी आणि जपानी भांडी आहेत. येताना भायखळ्याला उतरा, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जे. जे. स्कूलमध्ये झालेलं जुनं मुंबई पॉटरीचं काम आहे. ते पोर्सिलेन नव्हे, भाजलेल्या मातीचंच आहे, पण दोन्ही एकाच दिवशी बघितलं की फरक कायमचा डोक्यात बसतो. सोबत घरचा कप नेऊ नका, लोकलच्या गर्दीत टवका उडेल, फक्त बुडाचे फोटो न्या.

शेवटी बांधाबांध. वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई बिनझिलईच्या कडेला लागते, जुन्या सुती साडीचे तुकडे वापरा. कपात कप घालू नका, कानाला धरून उचलू नका, बश्या आडव्या रचण्यापेक्षा खोक्यात उभ्या ठेवा, मधे कापड. आणि प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी टाका, पेन्सिलने लिहिलेली, कारण पुढच्या वेळी माळा कोण रिकामा करेल सांगता येत नाही. आमच्या चिठ्ठीवर असं लिहिलंय:

चार कप, पाच बश्या. रंगकाम नागोया, माती बहुतेक सेतोकडची. १९२१ ते १९४० च्या मधले. आबांनी गोदीतून भाताच्या पेंढ्यात आणले. एका बशीची सोनेरी रेघ घासताना गेली. पाचवा कप आत्याच्या लग्नाच्या गडबडीत फुटला.